काट्याचा पॅच

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. कामावर राग येतो, तो त्या वेळी गिळावा लागतो, आणि गिळलेला राग पोटात राहून राहून त्याचा किस्सा होतो. मैत्रिणी म्हणतात, मर्सी, तुझ्याकडे हसवायला किती गोष्टी असतात गं. बायांनो, त्या हसवायच्या नाहीत. तुम्ही हसता म्हणून मला तशा सांगाव्या लागतात.

नगरच्या सावेडीत एक छोटी सॉफ्टवेअर कंपनी होती, भांड्यांच्या दुकानाच्या वर, दोन खोल्यांची. तिथे मी होते. आम्ही साखर कारखान्यांच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर करायचो. उसाची गाडी काट्यावर चढली की तिचं वजन, तारीख, शेतकऱ्याचं नाव, सगळं त्यात जातं. मालक राऊत सर. टीम लीड निनाद, पुण्याहून आलेला, आणि पुण्याहून आलोय हे विसरू न देणारा. पाथर्डीचा गोरख, आणि मी.

सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती केली की तिला पॅच म्हणतात. तो कारखान्यात पाठवण्याआधी तपासायला एक स्क्रिप्ट होती, म्हणजे कॉम्प्युटरने एकामागून एक काय काय करायचं त्याच्या ओळी. ती चालायची कंटेनरमध्ये. सगळं ठीक असलं की पडद्यावर हिरव्या अक्षरात पास, नसलं की लाल अक्षरात नापास. स्क्रिप्ट बिघडली की दुरुस्त करणं माझ्याकडे. आणि ती बिघडायची, कारण तिला रोज कुणीतरी हात लावायचं.

*

कंटेनर म्हणजे काय हे मी आधी मिरजगावच्या मामांना सांगितलं, तेच तुम्हाला सांगते. मामांचं हायवेला टायरचं दुकान आहे. नाताळच्या जेवणाला सगळे जमले असताना त्यांनी भर पंगतीत विचारलं, तू काम काय करतेस. मी म्हणाले, कंटेनर तपासते. तर मामांनी लगेच आपल्या धाकट्याला पुढे केलं. त्याच्याकडे हेवी लायसन होतं. आमच्या कंपनीच्या एखाद्या गाडीवर त्याला लावून टाक म्हणाले.

मग मी समजावलं. गाडी नाही मामा. कॉम्प्युटरच्या पोटात एक बंद खोका करायचा. कारखान्यात जसं असतं तसं सगळं त्यात मांडायचं आणि दुरुस्ती आधी तिथे करून बघायची. मोडलं तर खोका फेकून द्यायचा, बाहेर ओरखडा उठत नाही.

मामांनी बिर्याणीचा घास तसाच धरून विचार केला. "म्हंजे तुमचा कंटेनर जातच न्हाई कुठं?"

मी म्हटलं, नाही जात.

"मग जागेवं उभा ऱ्हाऊन रोज मोडतो कसा?"

हाच प्रश्न मी ऑफिसात विचारला असता तर मला निगेटिव्ह म्हणाले असते.

*

जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा पावत्यांवर नवं नाव घालायचं काम आलं. गोरखने पॅच केला. तपासायला घेतला तर कंटेनर म्हणतो, स्क्रिप्टची फाईल सापडत नाही. फाईल डोळ्यांसमोर होती. यादी दाखव म्हटलं की यादीत फाईल आहे. चालव म्हटलं की फाईल नाही.

निनादने पाच मिनिटांत निकाल दिला की कंटेनर करप्ट झालाय, सगळं काढून परत टाका. टाकलं. सकाळ गेली. मग त्याने मशीनच करप्ट ठरवलं. तेही परत बसवलं. दुपार गेली. मी मध्ये म्हणाले की आधी फाईल तरी नीट बघू या, तर त्याने मला 'बिग पिक्चर' बघायला सांगितलं.

संध्याकाळी तो चहाला गेला तेव्हा मी फाईल बघितली. न दिसणारी अक्षरंसुद्धा दिसतात अशा रीतीने उघडली. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा खूण येऊन बसली होती. विंडोजच्या लॅपटॉपवर फाईल सेव्ह केली की कधी कधी ती येते. माणसाला दिसत नाही, पण कंटेनरमध्ये विंडोजऐवजी जो लिनक्स असतो त्याला ती नावातलं अक्षरच वाटते. मग तो त्या भलत्या नावाचा प्रोग्राम शोधत बसतो, आणि सापडत नाही म्हणतो. खरंच बोलत होता बिचारा.

आमच्याकडे विंडोजचा लॅपटॉप एकच होता, राऊत सरांचा. मी जाऊन विचारलं, तर ते शांतपणे म्हणाले, "मी कशालाही हात लावला नाही. स्क्रिप्टमध्ये वर नगर लिहिलं होतं, तिथे फक्त अहिल्यानगर केलं."

मी त्यांना खुणा दाखवल्या. त्यांनी चष्मा लावून बघितल्या आणि म्हणाले की जे दिसत नाही त्याने काम कसं अडेल. चार माणसांचा दिवस गेला होता. संध्याकाळी कारखान्याला निनादची मेल गेली: जिल्ह्याच्या नव्या नावामुळे तांत्रिक अडचण आल्याने विलंब.

*

त्या स्क्रिप्टचं आणखी एक दुखणं होतं. फाईलच्या नावात मोकळी जागा असली की ती नावाचे दोन तुकडे करायची. निनादने पॅचला नाव दिलं 'फायनल पॅच'. स्क्रिप्टने आधी 'फायनल' नावाची फाईल शोधली, मग 'पॅच' नावाची शोधली. दोन्ही मिळाल्या नाहीत, म्हणून पुढे गेली आणि काहीच न तपासता थांबली.

उपाय सोपा होता. स्क्रिप्टमध्ये त्या नावाभोवती अवतरण चिन्हं घालायची, झालं. मी घालून दिली. निनादने ती काढून टाकली, कारण त्याच्या मते चूक स्क्रिप्टची नव्हतीच, शिस्तीची होती. आपल्याकडे नावं द्यायची पद्धत नाही, हा खरा रोग. मी म्हणाले, अरे, दोन चिन्हांचा प्रश्न आहे. तो म्हणाला, प्रश्न कल्चरचा आहे.

राऊत सरांना कल्चर हा शब्द आवडला. त्यांनी स्वतः बसून परिपत्रक लिहिलं की यापुढे कुणीही फाईलच्या नावात मोकळी जागा सोडू नये, सोडल्यास कारवाई होईल. सगळ्यांच्या नजरेस पडावं म्हणून ते पॅचच्याच फोल्डरमध्ये ठेवलं.

दुसऱ्या दिवशी स्क्रिप्ट पुन्हा अडकली. फोल्डरमध्ये एक नवी फाईल होती. 'अत्यंत महत्त्वाचे परिपत्रक'.

*

आता गोरखबद्दल सांगते. गोरख पाथर्डीकडचा. त्याच्या घरची माणसं दर वर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. थोरला भाऊ आणि वहिनी अजूनही जातात. हा शिकला, नगरला आला, खोली करून राहिला. बोलायचा कमी. काट्याची पावती मराठीत, मोठ्या अक्षरात आणि वाचता येईल अशी निघावी, हे काम त्याने स्वतः मागून घेतलं होतं. आमच्या जुन्या पावतीवर वजन कुठे आणि वजावट कुठे, हे कळायला माणूस इंजिनिअर लागायचा. गोरख म्हणायचा की तिकडं पावती मुकादमाकडून वाचून घ्यावी लागते, आणि मुकादम त्याला पाहिजे तेवढीच वाचतो.

दिवाळीपासून तो त्या कामावर होता. काम जवळजवळ झालं होतं.

चाचणी सुरू करण्याआधी स्क्रिप्ट जुना कचरा साफ करायची. ती ओळ निनादने नुकतीच नव्याने लिहिली होती. ज्या फोल्डरमधला कचरा काढायचा त्याचं नाव त्याने वर एका स्पेलिंगने लिहिलं आणि खाली दुसऱ्या. खाली नावाच्या जागी काहीच उरलं नाही. स्क्रिप्टला हुकूम गेला तो असा, की कामाच्या जागेतला अमुक फोल्डर नाही, अख्खी कामाची जागाच पूस.

मी ती ओळ आधी बघितली होती आणि म्हणाले होते की नाव रिकामं असलं तर स्क्रिप्टने थांबलं पाहिजे, तेवढी एक सोय घालू. निनादने हसून सांगितलं होतं की मॅडम, हे कंटेनरच्या आत आहे, आतलं बाहेर येत नाही. पण ती कामाची जागा आतली नव्हतीच. गोरखच्या मशीनवरचा फोल्डर निनादनेच सोयीसाठी कंटेनरला जोडून दिला होता. आत पुसलं की बाहेर पुसलं जाणार होतं.

पुसलं गेलं. गोरख जेवून आला तेव्हा फोल्डर रिकामा होता. त्याने एकदा बघितलं, मशीन बंद करून चालू केलं, परत बघितलं. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "ताई, माझं सगळं कुठं गेलं?"

निनादचं पहिलं वाक्य होतं की बॅकअप घ्यायला पाहिजे होता. कंपनीच्या सर्व्हरवर काम ठेवायची परवानगी गोरखला दिलेली नव्हती, तो प्रोबेशनवर होता. आणि परवानगी देणं न देणं निनादच्या हातात होतं. मी हे सगळ्यांसमोर बोलले. राऊत सर म्हणाले की झालं ते झालं, वातावरण बिघडवू नका.

गोरखने पावती पहिल्यापासून लिहायला घेतली. त्या दिवसाचा लॉग, म्हणजे स्क्रिप्टने काय काय केलं त्याची नोंद, मी काढून बघितला. त्यात शेवटी हिरव्या अक्षरात होतं: सफाई यशस्वी.

*

मग हंगाम तापला आणि कारखान्याने सांगितलं की आता काट्यावरचं सॉफ्टवेअरही कंटेनरमधूनच चालवा. त्या पॅचची चाचणी रोज पहाटे आपोआप चालायची, म्हणजे आम्ही ऑफिसला येईपर्यंत निकाल तयार. निकाल रोज लाल यायचा. मी आल्यावर तीच चाचणी पुन्हा चालवली की हिरवा.

पहाटे नापास आणि ऑफिसच्या वेळेत पास, तर काहीतरी वेळेचंच दुखणं असणार. मी म्हणाले, मला शोधू द्या. निनादने त्या चाचणीला 'मूडी' असं नाव ठेवलं. राऊत सरांनी तोडगा काढला की पहाटे चालवायचीच कशाला, अकराला चालवा. तेव्हापासून निकाल रोज हिरवा. मी राऊत सरांना लेखी कळवलं की कारण कळल्याशिवाय पॅच पाठवू नये. उत्तरात अंगठा आला. पॅच गेला.

त्यानंतर एका सकाळी गोरख ऑफिसात आला तो हेल्मेट न काढताच माझ्या टेबलापाशी उभा राहिला. त्याचे भाऊ-वहिनी त्या वर्षी श्रीगोंद्याच्या बाजूला तोडीवर होते, आमच्याच काट्यावर त्यांची बैलगाडी यायची. "ताई, राती बाराच्या नंतर आलेली एकबी गाडी काट्यानं घेतली न्हाई," तो म्हणाला. "गेटवं मिळालेलं टोकन उद्याचं हाय म्हनतो. लाईन पार रस्त्यापोतर गेल्ती."

बाकीचं त्याने तुटक तुटक सांगितलं. बैलं भरल्या गाडीला जुंपलेली, थंडीत उभी. लाईन कधी सरकेल सांगता येत नाही म्हणून सोडताही येईनात. वहिनी उसावरच गोणपाट पांघरून बसलेली. एक बैल पुढच्या पायावर बसला तो उठेना, तेव्हा भाऊ त्याच्या मानेखाली खांदा देऊन उभा राहिला. मुकादम येऊन शिव्या देऊन गेला, कारण दिवसाची पहिली खेप बुडाली. आणि साडेपाचला काटा आपोआप सुरू झाला. कुणी काही केलं नव्हतं.

साडेपाच ऐकलं आणि मला उलगडलं. कंटेनरचं घड्याळ, आपण सांगितलं नाही तर, परदेशी वेळेवर चालतं. आपल्यापेक्षा बरोबर साडेपाच तास मागे. आपल्याकडे रात्री बाराला तारीख बदलते, त्याच्याकडे पहाटे साडेपाचला. मधल्या वेळात आलेलं आजचं टोकन त्याला उद्याचं वाटणार. ती पहाटेची चाचणी आम्हाला रोज तेच सांगत होती. आम्ही तिला मूडी म्हणालो आणि तिची वेळ बदलली.

एका ओळीची दुरुस्ती होती. मी कुणाला न विचारता ती केली आणि पाठवली.

गोरखने एवढंच विचारलं, की ती टेस्ट पहाटं लाल यायची ना. मी हो म्हणाले. त्याने तेव्हा कुठे हेल्मेट काढलं.

दुपारी निनादचा अहवाल आला. काटा बंद राहण्याचं कारण: कारखाना परिसरातील वीजपुरवठ्यातील चढउतार. मी तो मोठ्याने वाचून दाखवला. गोरख पडद्यावरची नजर न हलवता म्हणाला, "माझ्या भावाच्या बैलांना तेवढं सांगा, लाईट गेल्ती म्हनून."

*

कारखान्याला तो अहवाल पटला नाही. तुम्ही पॅच तपासता कसा ते आम्हाला बघायचंय, असा निरोप आला. राऊत सरांनी लगेच तारीख दिली.

त्या आठवड्यात स्क्रिप्ट लाल होती, आणि योग्य कारणाने लाल होती. नव्या पॅचमध्ये वजावटीचा हिशेब चुकत होता. मी वेळ मागितला. राऊत सर मला हो म्हणाले आणि निनादला म्हणाले की तेवढं हिरवं करून ठेव.

पाहुणे यायच्या सकाळी मी स्क्रिप्ट उघडली. प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन उभ्या रेघा आणि 'ट्रू' हा शब्द. त्याचा अर्थ, ही ओळ फसली तरी ठीक म्हण आणि पुढे चल. अगदी शेवटी एक ओळ: हिरव्या अक्षरात पास छाप. मी लॅपटॉप उचलून राऊत सरांच्या टेबलावर ठेवला आणि सांगितलं की मी हे चालवणार नाही. ते म्हणाले आजच्यापुरतं. आणि चालवायला तूच बस, निनाद घाईत टाइप करताना अडखळतो.

मी नाही म्हणून निघूनच जाणार होते. पण गोरख दाराशी उभा होता. तो म्हणाला, "ताई, बसा. बघू तरी."

कारखान्याचे दोन संचालक आले आणि त्यांच्याबरोबर एक संचालिका, पांढरी सुती साडी नेसलेल्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका आहेत अशी राऊत सरांनी ओळख करून दिली. निनादने सुरुवात केली. ही ऑटोमेटेड सिस्टीम त्याने एकट्याने डिझाईन केली, यातली ओळ न् ओळ त्याची स्वतःची, वगैरे. मी पॅच दिला, स्क्रिप्ट चालवली. हिरवं. पास. दोन्ही संचालकांनी माना डोलावल्या.

बाईंनी डोलावली नाही. त्यांनी विचारलं की त्या पहाटे आमचा काटा बंद पडला, तो पॅचही असाच पास झाला होता का. राऊत सर म्हणाले, ती जुनी पद्धत होती, आता शंभर टक्के खात्री.

"बरं," बाई म्हणाल्या, "मग आता मला एकदा नापास करून दाखवा."

राऊत सर हसले. नापास कशाला बघायचं, म्हणाले. बाईंनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या की शाळेत कोरा पेपर देणारी पोरंही असायची, तसा याला कोरा पेपर द्या.

मी रिकामी फाईल केली आणि पॅच म्हणून दिली. हिरवं. पास.

निनाद काहीतरी बोलायला लागला. मी तिकडे लक्ष दिलं नाही. लॅपटॉपमध्ये माझ्या भाचीच्या वाढदिवसाचा फोटो होता, केक कापतानाचा. तो पॅच म्हणून दिला. पास.

मग गोरख भिंतीपासून पुढे आला. त्याने कुणालाच काही विचारलं नाही. वाकून माझ्याकडचा कीबोर्ड घेतला आणि कंटेनरमधून काट्याचं सॉफ्टवेअरच काढून टाकलं, मुळापासून. आता तपासायला आत काही उरलंच नव्हतं. त्याने स्क्रिप्ट चालवली.

पास.

बाईंनी त्या हिरव्या अक्षरांकडे बोट करून विचारलं, "हे लिहिलंय कुणी?"

राऊत सरांनी निनादकडे बघितलं. निनादने पडद्याकडे बघितलं.

"मॅडम," तो म्हणाला, "ते ऑटोमॅटिक आहे."